फलकामागचा डबा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

शुक्रवार, १९ जुलै २०२४. सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे. भारतात कचेऱ्या नुकत्या उघडत होत्या, विमानतळांवर गर्दी होती, आणि त्याच मिनिटाला क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी अपडेटची एक छोटी फाइल जगभर पाठवली. विंडोजवर चालणारे जे संगणक ती फाइल घेत गेले, ते निळा पडदा दाखवून बंद पडत गेले. पुन्हा सुरू केले की पुन्हा निळा पडदा. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात ८५ लाख संगणक आडवे झाले होते. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर सामान घ्यायच्या पट्ट्यांजवळचे पडदे निळे झाले. दिल्ली विमानतळावर कर्मचारी पांढऱ्या बोर्डावर मार्करने विमानांची माहिती लिहू लागले.

भिंतीवरचा फलक हाही एक संगणकच असतो, हे त्या दिवशी अनेकांच्या प्रथमच लक्षात आले. रेल्वे स्थानकातला इंडिकेटर, रुग्णालयातला टोकन नंबरचा पडदा, मॉलमधली उभी जाहिरात, या सगळ्यांच्या मागे बहुधा पुस्तकाएवढा एक डबा बसवलेला असतो. धंद्यातले लोक त्याला ‘प्लेअर’ म्हणतात. दूरवरच्या सर्व्हरकडून तो चित्रे, व्हिडिओ आणि वेळापत्रक उतरवून घेतो, आपल्याजवळ साठवतो आणि दाखवत राहतो. त्याला माउस नसतो, कीबोर्ड नसतो, समोर बसणारा माणूस नसतो. अपडेटचा खरा धोका याच एका गोष्टीत आहे. कचेरीतला संगणक बिघडला तर त्याच्यासमोरचा माणूस फोन करतो. फलक बिघडला तर त्याच्याखालून हजार माणसे जातात आणि कळवत कोणीच नाही.

त्या शुक्रवारची दुरुस्ती कागदावर सोपी होती. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा, एका ठरावीक फोल्डरमध्ये जायचे, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल पुसायची आणि यंत्र पुन्हा चालू करायचे. टेबलावरच्या संगणकाला हे दहा मिनिटांचे काम. तोच संगणक बारा फुटांवरच्या पडद्यामागे असेल तर आधी शिडी हवी, शिडी लावायची परवानगी हवी, खाली दोर बांधून माणसे अडवायला हवीत. वर चढलेल्या तंत्रज्ञाने एका हाताने कठडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने कीबोर्डची वायर डब्यात खुपसायची. डिस्क कूटबद्ध असेल तर ४८ आकडी किल्ली टाकायची, आणि ती किल्ली ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते तो सर्व्हरही कित्येक ठिकाणी त्याच फाइलने झोपलेला होता. एक फलक झाला की शिडी उचलून पुढच्या फलकाकडे.

चूक काय होती? फाल्कनच्या नव्या नियमाला माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते, आणि यंत्रातला प्रोग्रॅम त्याला २० च पुरवत होता. एकविसावा वाचायला गेल्यावर तो नको त्या जागी पोहोचला आणि विंडोजला घेऊनच कोसळला. अशा चुका होतच राहणार. ही चूक पहिल्या हजार यंत्रांवर थांबली असती, तर विमानतळांवर मार्कर शोधावे लागले नसते. पण त्या प्रकारच्या फाइली टप्प्याटप्प्याने पाठवायची पद्धतच कंपनीने ठेवलेली नव्हती. ती त्यानंतर आणली.

या अनुभवानंतर काही ग्राहक हात जोडून सांगतात, ‘चाललंय ना? मग हात लावू नका.’ त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण हा सल्ला घातक आहे. सॅमसंगच्या ‘मॅजिकइन्फो’ या फलक चालवणाऱ्या सर्व्हरमधले एक भगदाड ऑगस्ट २०२४ मध्ये बुजवले गेले. एप्रिल २०२५ च्या अखेरीस त्याच्यावरच्या हल्ल्याची रीत जाहीर झाली आणि काही दिवसांतच चोरटे आत शिरू लागले. पुढे असे दिसले की आधीची डागडुजी पुरेशी नव्हती, आणि मे महिन्यात दुसरी करावी लागली. म्हणजे एकदा अपडेट मारून निवांत बसलेल्यांनाही पुन्हा उठावे लागले.

जुनेपणाची आणखी एक किंमत आहे, ती गुपचूप वसूल होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांची ओळख पटवणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले. ज्या जुन्या उपकरणांना नवे प्रमाणपत्र ठाऊक नव्हते, त्यांतल्या अनेकांची जोडणी तुटली. अशी जोडणी तुटलेला फलक काळा पडत नाही. तो साठवलेल्या जुन्या जाहिरातीच फिरवत राहतो. दिवाळी संपते, तरी सवलत भिंतीवर चालूच.

म्हणून अपडेट करायचेच, फक्त कुठून सुरुवात करायची ते नीट ठरवायचे. पहिल्या तुकडीत कचेरीतले नवेकोरे दोन डबे घेऊन भागत नाही. प्रत्येक मॉडेलचा एक, सर्वात जुना एक, उभ्या पडद्याचा एक आणि सिमकार्डावर रडतखडत चालणारा एक, असे निवडावे लागतात. मुहूर्त शुक्रवारी रात्रीचा नको. मंगळवारी सकाळचा घ्यावा, कारण शिडीवाला तेव्हा कामावर असतो.

महाराष्ट्रात आणखी एक तपासणी लागते. नियंत्रण-कक्षातल्या यादीत फलकापुढे हिरवा ठिपका असतो, म्हणजे डबा जिवंत आहे. पण नव्या आवृत्तीत देवनागरी अक्षरे जोडणारी यंत्रणा किंवा टंक बदलला असेल, तर ‘स्थानक’मधला स मोडक्या पायाने वेगळा उभा राहतो आणि ‘पिंपरी’तली पहिली वेलांटी प च्या उजवीकडे जाऊन बसते. ठिपका हिरवाच. हे यंत्राला दिसत नाही, मराठी वाचणाऱ्या माणसाने पडद्याचा फोटो पाहावा लागतो. तुटकी अक्षरे आपल्याच गावातल्या प्रवाशांपुढे दिवसभर झळकणे ही छोटी गोष्ट नाही.

अपडेट फसले तर परतीची वाट आता यंत्रातही बांधता येते. अँड्रॉइडच्या २०१६ मधल्या सातव्या आवृत्तीपासून एकाच उपकरणात प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली. एक चालू राहते, नवी दुसऱ्या कप्प्यात लिहिली जाते, आणि ती नीट उठली नाही तर यंत्र जुन्या प्रतीवर परत येते. स्वस्त डब्यांत बहुधा एकच कप्पा असतो. लिहिणे अर्ध्यावर असताना वीज गेली तर दुरुस्तीवाल्याच्या भाषेत तो ‘डेड’ होऊ शकतो.

त्यामुळे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तो डबा समोर टेबलावर ठेवायला सांगावे. नवी आवृत्ती चढवायला लावावी, निम्म्यावर प्लग ओढावा आणि पुन्हा लावावा. मग पडद्यावर काय येते ते पाहावे, आणि त्यानंतरच किमतीचे बोलावे.