गुप्त कोणापासून?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



'गुप्त युद्ध' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांच्या भाषेत इतका रुळला आहे, की त्यातील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बॉम्बफेकी विमान येते तेव्हा खालच्या गावाला ते ऐकू येते. घर जळते ते घरधन्याला दिसते. ज्याच्या माथ्यावर बॉम्ब पडतो त्याच्यापासून युद्ध लपविण्याची विद्या अद्याप कोणत्याही सेनापतीला साधलेली नाही. मग १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओस आणि कंबोडिया या दोन देशांत जे युद्ध चालविले, ते 'गुप्त' होते म्हणजे नेमके कोणापासून गुप्त होते? या प्रश्नाचे उत्तर त्याच युद्धातल्या एका मेजरने आपल्या वरिष्ठाला विचारले होते. ते उत्तर यथावकाश येईलच.

कंबोडियापासून आरंभ करणे सोयीचे. १८ मार्च १९६९ रोजी बी-५२ जातीची अजस्र विमाने दक्षिण व्हिएतनामची सीमा ओलांडून कंबोडियात शिरली. रिचर्ड निक्सन यांना राष्ट्राध्यक्षपदावर येऊन तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते. कंबोडिया हे तटस्थ राष्ट्र. त्याच्याशी अमेरिकेचे युद्ध नव्हते आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तशी अनुमतीही दिलेली नव्हती. उत्तर व्हिएतनामी सैन्याचे सीमेलगतचे तळ उद्ध्वस्त करावयाचे, हा हेतू सांगण्यात आला. अर्थात सांगण्यात आला तो मोजक्या माणसांनाच. या मोहिमेचे नाव 'मेनू', आणि तिच्या भागांची नावे ब्रेकफास्ट, लंच, स्नॅक, डिनर, सपर, डेझर्ट! कचेरीत बसून नकाशावर फुल्या मारणाऱ्यांना खालच्या माणसांविषयी काय वाटत होते, हे या नामकरणातून जितके कळते तितके कोणत्याही अहवालातून कळत नाही. मे १९७० अखेरपर्यंत, चौदा महिने, हा पंक्तिप्रपंच चालला. साडेतीन हजारांवर उड्डाणे झाली आणि १,०८,८२३ टन बॉम्ब टाकले गेले. राजपुत्र सिंहानूक यांची याला मूक संमती होती, असा दावा हेन्री किसिंजर पुढे करीत राहिले. मौन ही संमती धरून दुसऱ्याच्या देशावर बॉम्ब टाकता येतात, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातील नवा सिद्धान्त त्यांच्या नावावर जमा करावयास हरकत नाही.

आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही बातमी फुटली नाही असे नव्हे. ९ मे १९६९ रोजी, म्हणजे मोहीम सुरू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, 'न्यूयॉर्क टाइम्स'चे लष्करविषयक वार्ताहर विल्यम बीचर यांनी ती पहिल्या पानावर दिली. कंबोडियावर अमेरिकी विमाने हल्ले करीत आहेत, हे त्यात स्पष्ट म्हटले होते. सरकारने काय केले? त्याच दिवशी किसिंजर यांनी एफ.बी.आय.चे प्रमुख एडगर हूवर यांना दूरध्वनी केला आणि बातमी कोणी फोडली हे शोधण्यासाठी टेलिफोनवर कान लावून बसण्याचे सत्र सुरू झाले. यथाकाल सतरा व्यक्तींचे फोन ऐकले गेले. त्यांत तेरा सरकारी अधिकारी होते आणि चार पत्रकार. किसिंजर यांचेच सहकारी मॉर्टन हॅल्परिन यांचा घरचा फोन एकवीस महिने ऐकला जात होता. वॉटरगेट म्हणून जे प्रकरण पुढे जगभर गाजले, त्याचे एक मूळ कंबोडियाच्या जमिनीत रुजलेले आहे.

आणि लोकांनी काय केले? काहीही केले नाही. एवढी मोठी बातमी पहिल्या पानावर छापली जाऊनही विरून गेली. काँग्रेसमध्ये वादळ उठले नाही. हॅनोई सरकार बोलेना, कारण कंबोडियात आपले सैन्य आहे हे त्यालाच मान्य करावयाचे नव्हते. वॉशिंग्टनला बोलण्याचे कारणच नव्हते. मोहीम आणखी वर्षभर ठरल्याप्रमाणे चालली. (बीचर स्वतः पुढे १९७३ मध्ये संरक्षण खात्याच्याच प्रसिद्धी विभागात उच्चपदस्थ झाले, हा दैवाचा विनोद म्हणावा की व्यवसायाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.) बातमी बाहेर आली म्हणजे अन्याय आपोआप थांबतो, अशी भाबडी श्रद्धा ज्यांच्या मनात असेल त्यांनी ९ मे १९६९ ही तारीख लिहून ठेवावी.

ज्या मेजरचा उल्लेख आरंभी आला तो हॅल नाइट. सायगावजवळच्या बिएन होआ येथील रडार केंद्रावर तो काम करीत असे. बी-५२ विमाने फार उंचावरून जात. बॉम्ब केव्हा सोडावयाचे ते जमिनीवरील रडार सांगत असे. 'मेनू'च्या दिवशी सायगावहून एक लखोटा येई, आणि त्यात खरी लक्ष्ये असत: कंबोडियातली. नाइटने ती रडारवरील माणसांना द्यावयाची, रात्री हल्ला होऊ द्यावयाचा, आणि पहाटे सर्व कागद जाळून टाकावयाचे. नंतर जो अधिकृत अहवाल भरावयाचा त्यात दक्षिण व्हिएतनाममधली खोटी लक्ष्ये लिहावयाची. अशा रीतीने एकाच हल्ल्याची दोन दप्तरे तयार होत. एक जळे आणि दुसरे काँग्रेसपुढे जाई. गावच्या सावकाराच्या दोन वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. फरक एवढाच, की इथे दुसरी वही अणुशक्तिधारी राष्ट्राने आपल्याच लोकप्रतिनिधींसाठी ठेवली होती.

नाइट हा काही शांततावादी नव्हता. बॉम्ब टाकण्याला त्याचा आक्षेप नव्हता. खोटा अहवाल भरण्याला होता. हे सारे कोणापासून लपवावयाचे, असे त्याने वरिष्ठाला विचारले, तेव्हा वरिष्ठाने सिनेटच्या परराष्ट्र-संबंध समितीचे नाव घेतले. नाइटने पुढे शपथेवर सांगितलेली ही हकीगत आहे. शत्रूचे नाव त्या उत्तरात आले नाही.

सैन्यातून बाहेर पडल्यावर नाइटने सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांना पत्र लिहिले. जुलै १९७३ मध्ये सिनेटच्या लष्करी समितीपुढे त्याची साक्ष झाली. माय लाय येथील हत्याकांड १९६९ साली उजेडात आणणारे सेमूर हर्श तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये होते. त्यांनी ही दोन दप्तरांची कथा लोकांपुढे मांडली. संरक्षण खात्याला कबुली द्यावी लागली. हीच बातमी चार वर्षांपूर्वी विरून गेली होती. आता तिने सरकार हादरले. बातमीत नवे होते ते एका साध्या अधिकाऱ्याची शपथ आणि खोट्या दप्तराचा पुरावा. पण त्याहून अधिक बदल वाचणाऱ्यांत झाला होता. मधल्या चार वर्षांत लक्षावधी माणसे युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. एप्रिल १९७० अखेर कंबोडियात उघड सैन्य घुसविल्यावर विद्यापीठे बंद पडली होती आणि केंट स्टेट येथे चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले होते. १९७१ मध्ये पेंटॅगॉनचे गुप्त दस्तऐवज छापले गेले होते. या चळवळीने काँग्रेसच्या सभासदांना भीड सोडावयास लावले होते. १५ ऑगस्ट १९७३ पासून कंबोडियावरील बॉम्बफेक बंद करण्याचा कायदा झाला तो या रेट्यामुळे. वार्ताहराने ठिणगी टाकावी हे खरे. पण खाली सरपण नसेल तर ती हवेत विझते.

तरीही या विजयाचे मोजमाप नीट घेतले पाहिजे. फेब्रुवारी १९७३ पासून त्या पंधरा ऑगस्टपर्यंतच्या सहा महिन्यांत कंबोडियावर सुमारे अडीच लाख टन बॉम्ब पडले. 'मेनू'च्या दुपटीहून अधिक, आणि हे तर राजरोस. मुदत संपण्याच्या आधी नऊ दिवस, ६ ऑगस्टला, मेकाँगकाठच्या नीक लुआंग या गावावर एका बी-५२ने चुकून आपला सारा भार ओतला. गाव शत्रूचे नव्हते, अमेरिकेच्या मित्रपक्षाचे होते. दूतावासातून सांगण्यात आले की फार मोठी हानी नाही. वार्ताहरांना विमानाने तिथे जाऊ देण्यात आले नाही. तेव्हा सिडनी शॅनबर्ग आणि त्यांचे कंबोडियन सहकारी डिथ प्रान होडीने तिथे पोचले. त्यांना अटकावून ठेवण्यात आले. पण मृतांचा आकडा बाहेर आला: १३७. ज्याच्या हातून चूक झाली त्या विमानातील अधिकाऱ्याला सातशे डॉलर दंड झाला. माणशी किती पडले याचा हिशेब करावयाचा तर पाच डॉलरांच्या वर थोडे. आणि पुढील वर्षी, ३० जुलै १९७४ रोजी, कंबोडियावरील बॉम्बफेक लपविल्याबद्दल निक्सन यांच्यावर महाभियोगाचे कलम लावावे, हा प्रस्ताव प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीत २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळला गेला. प्रतिपक्षाच्या कचेरीतील घरफोडी झाकणे हा अपराध ठरला, परंतु एका देशाची राखरांगोळी झाकणे हा ठरला नाही. त्या लोकशाहीचा हा कागदोपत्री निवाडा आहे.

लाओसची कथा याहून जुनी आणि याहून काळी आहे. १९६२ च्या जिनिव्हा करारान्वये लाओस तटस्थ ठरला. त्या करारावर अमेरिकेची सही आहे आणि भारताचीही. त्या देशावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे इतर सभासद. म्हणजे हे युद्ध भारताच्या अध्यक्षपदाखालून, त्याच्या डोळ्यांदेखत, नऊ वर्षे चालले. करारामुळे सैन्य पाठविता येईना, म्हणून सी.आय.ए.ने डोंगरातील ह्मोंग लोकांची फौज वापरली आणि लाँग टिएंग येथे तिचा तळ वसविला. बाकीचे काम विमानांकडे सोपविले. १९६८ च्या नोव्हेंबरात उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबली. जगाला हायसे वाटले. ती विमाने मात्र लाओसकडे वळली. असे का, या सिनेटच्या चौकशीतील प्रश्नावर व्हिएन्तियान येथील दूतावासाचे अधिकारी मॉन्टीगल स्टर्न्स यांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा: इतकी विमाने रिकामी पडून होती, त्यांना बसवून ठेवता येत नव्हते.

त्या विमानांखाली काय चालले होते हे जगाला सविस्तर सांगणारा माणूस पत्रकार नव्हता. फ्रेड ब्रॅन्फमन हा खेड्यात शिक्षणाचे काम करावयास आलेला अमेरिकी स्वयंसेवक. त्याला लाओ भाषा येत होती, एवढेच त्याचे भांडवल. सप्टेंबर १९६९ मध्ये 'रांजणांचे पठार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उत्तरेकडील प्रदेशातून निर्वासित राजधानीत आणले गेले. त्या पठारावर प्राचीन काळचे प्रचंड दगडी रांजण आहेत, म्हणून हे नाव. ही माणसे विवरांत आणि खंदकांत राहून आली होती, रात्री शेत नांगरून आली होती. ब्रॅन्फमन त्यांच्याशी बोलू लागला. त्यांना कागद-पेन्सिली देऊन जे पाहिले ते काढावयास सांगितले. शेतकऱ्यांनी आणि मुलांनी चित्रे काढली: वर विमान, खाली पेटलेले घर, पडलेली म्हैस, रक्त. ब्रॅन्फमन परदेशी वार्ताहरांना छावण्यांत नेऊ लागला, दुभाषा झाला. १९७१ मध्ये त्याला देशाबाहेर घालविण्यात आले. त्याच वर्षी त्याने सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली आणि १९७२ मध्ये त्या चित्रांचे व निवेदनांचे पुस्तक निघाले. लष्करी तज्ज्ञता, दस्तऐवज, वजनदार ओळखी यांपैकी त्याच्यापाशी काही नव्हते. वॉशिंग्टनच्या वार्ताहर-परिषदांत वर्षानुवर्षे बसलेल्यांना जे कळले नाही, ते छावणीत मांडी घालून बसलेल्याला कळले, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

मार्च १९७० मध्ये निक्सन यांना लाओसविषयी निवेदन करणे भाग पडले. तेथील भूयुद्धात एकही अमेरिकी मारला गेलेला नाही, असे त्यात होते. काही दिवसांतच एका वृत्तपत्राने मृत अधिकाऱ्याचे उदाहरण दिले आणि निवेदन दुरुस्त करावे लागले. लाओशियन मृतांविषयी दुरुस्ती करावी लागली नाही, कारण त्यांचा उल्लेखच नव्हता.

नऊ वर्षांत लाओसवर ५,८०,००० उड्डाणे झाली आणि २० लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. सरासरी काढली तर अहोरात्र दर आठ मिनिटांनी एक विमानभर. त्यांत क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेले छोटे बॉम्ब सुमारे २७ कोटी, आणि त्यांतले अंदाजे ८ कोटी फुटलेच नाहीत. आकाराने चेंडूएवढे, मुले ते उचलतात. लाओ लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. युद्ध संपल्यानंतर अशा स्फोटकांनी मारलेल्या आणि जायबंदी केलेल्या माणसांची संख्या वीस हजारांवर आहे. पठाराजवळच्या बान नापिया गावात बॉम्ब-विमानांचे अ‍ॅल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. सप्टेंबर २०१६ मध्ये बराक ओबामा लाओसला गेले, तिथे जाणारे पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष म्हणून, आणि सफाईसाठी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर देण्याची घोषणा केली. ब्रॅन्फमनने जमविलेली ती पेन्सिलीची चित्रे २००४ नंतर 'लेगसीज ऑफ वॉर' या संस्थेने गावोगाव दाखविली होती. या मदतीमागे त्या चित्रांचा वाटा होता. ब्रॅन्फमन २०१४ मध्ये वारला. घोषणा ऐकावयास तो नव्हता.

क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २००८ मध्ये ओस्लो येथे सह्यांसाठी खुला झाला आणि १ ऑगस्ट २०१० पासून अमलात आला. त्याच्या सदस्य-राष्ट्रांची पहिली बैठक त्याच वर्षी व्हिएन्तियानमध्ये भरली. अमेरिका त्यात नाही, रशिया नाही, चीन नाही. २०२३ मध्ये अमेरिकेने हेच बॉम्ब युक्रेनला पुरविले. रशिया ते आधीपासूनच तिथे टाकीत होता. भारताचीही सही त्या करारावर नाही. १९६२ साली लाओसच्या तटस्थतेवर सही करणाऱ्या, आणि आयोगाच्या अध्यक्षपदावरून ती तटस्थता जळताना पाहणाऱ्या देशाची सही या कागदावर का नसावी, हा प्रश्न दिल्लीला विचारता येण्याजोगा आहे. खासदारांकडून विचारविता येतो, सभांतून ठराव करून पाठविता येतो. दरम्यान पठारावरील शेतांत सफाईची पथके दोऱ्या बांधून चौकोन पाडतात, आणि हातातले यंत्र वाजले की थांबून, गुडघ्यावर बसून, खुरपीने माती बाजूला करतात. एक चौकोन झाला की दोरी पुढे सरकवतात.