मोटारीतील अग्निशामक नळकांडे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात खोपट, ठाणे येथे केलेले भाषण)



जन्मभर खडू झिजविलेल्या माझ्यासारख्या मॅट्रिक शिक्षकाने मोटारीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु गेल्या वैशाखात जे अनुभवले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

कल्याणचे लग्न आटोपून आम्ही पुतण्याच्या मोटारीने परतत होतो. खोपटच्या एस.टी. स्थानकाजवळ बॉनेटमधून धूर येऊ लागला. पुतण्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. अग्निशामक नळकांडे गाडीत होते. पण डिकीत, आहेराच्या पिशव्यांखाली! मागील दारांना मुलांसाठीचे कुलूप लावलेले. नातू आणि मी आत बसून दार ओढतो आहोत, ते उघडत नाही. सूनबाईंनी पुढून उतरून बाहेरून उघडले, तेव्हा आम्ही सुटलो. ते काही क्षण मला अजून झोपू देत नाहीत.

पुढची चूक आम्हां सर्वांची. बॉनेट पूर्ण उघडताच वारा मिळून ज्वाळा उसळल्या. खीळ कशी काढावी हे कोणास ठाऊक नव्हते. ती निघाली तेव्हा भुकटी ज्वाळांच्या शेंड्यांवर उडाली आणि नळकांडे रिते झाले. एका एस.टी. चालकाने आपल्या बसमधील नळकांडे आणून आग विझविली.

बसला हे साधन सक्तीचे आहे, खासगी मोटारीस नाही. म्हणून आपण नव्या गाडीला हार घालतो, लिंबू-मिरची बांधतो आणि याच खर्चाला हात आखडतो.

एक किलो भुकटीचे नळकांडे जेमतेम दहा सेकंद चालते. ते चालकाच्या आसनाखाली, पट्ट्याने घट्ट बसवावे. दाबमापकाचा काटा हिरव्या भागात आहे ना, हे पाहत जावे. आधी सर्वांना उतरवावे. बॉनेट किंचितच उचलून फटीतून ज्वाळांच्या मुळाशी फवारा मारावा. पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल त्यावर तरंगते व आग पसरते. विजेवरील गाडीची बॅटरी पेटली तर ही भुकटी पुरी पडत नाही. दूर व्हावे आणि १०१ क्रमांकास कळवावे.

गाडी जळाली तर विम्याचे पैसे मिळतील. बाहेर पडण्याची वाट मात्र मोकळी हवी. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, तेव्हा दार खाली दबले गेले. पंचवीस जीव गेले.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात सहासष्ट अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो व त्यात प्रात्यक्षिके होतात. पुढील सप्ताहात नातवासह जाऊन खीळ काढावयास शिकण्याचा माझा बेत आहे. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी आज भोजनापूर्वी मजकडे नाव द्यावे.