वन्यजीव संरक्षणाचे क्षेत्र आणि आपली तरुण पिढी

(जयंती समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परमपूज्य बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी व्यासपीठावर डॉक्टर उभा राहिला की तो रक्तदाब आणि मधुमेह यांवर बोलणार, असे आपण गृहीत धरतो. यापूर्वी मी तेच केले आहे. आज मात्र मी एका चुकीची कबुली देण्यासाठी उभा आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्यातीलच एक गृहस्थ बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाला वन्यप्राण्यांचा अभ्यास करावयाचा होता. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच याची समजूत घाला," असे वडील म्हणाले. मी अर्धा तास बोललो. पगार, प्रतिष्ठा, आईवडिलांचे कष्ट हे सारे मी त्याच्यापुढे मांडले. मुलगा अभियंता झाला आणि आज येथेच चांगल्या पदावर आहे. सुट्टीच्या दिवशी तो दुबईच्या रास अल खोर अभयारण्यात दुर्बीण घेऊन रोहित पक्षी पाहत बसतो. मागच्या वर्षी त्याने मला शांतपणे विचारले, "काका, तेव्हा तुम्हाला या क्षेत्राची काही माहिती होती का?" माहिती नव्हती. ज्या विषयाचे मला ज्ञान नव्हते, त्यावर मी एका मुलाच्या आयुष्याचा निर्णय दिला होता. कोणत्याही रुग्णाच्या बाबतीत मी असे केले नसते. त्यानंतर मी जे वाचले आणि पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपण ज्या देशात राहतो, त्याच्याकडेच प्रथम पाहू. अरबी ओरिक्स हे हरिणासारखे शुभ्र जनावर १९७२ च्या सुमारास रानातून पूर्णपणे नाहीसे झाले. काही मोजके प्राणी बंदिस्त ठिकाणी तेवढे उरले होते. त्यांची निगराणी करून, त्यांची वीण वाढवून त्यांना पुन्हा वाळवंटात सोडण्यात आले. या कार्यात शेख झायेद यांचा पुढाकार मोठा होता. २०११ साली जागतिक निसर्ग संरक्षण संघाने या प्राण्याला 'संकटग्रस्त' वर्गातून काढून त्यापेक्षा कमी धोक्याच्या वर्गात ठेवले. अबुधाबीत १९९९ पासून बहिरी ससाण्यांचे स्वतंत्र रुग्णालय आहे. हुबारा हा ससाण्यांच्या शिकारीचा परंपरागत पक्षी. त्याच्या संरक्षणासाठी २००६ साली अबुधाबीत आंतरराष्ट्रीय निधी स्थापन झाला. या कामांत पशुवैद्य आहेत, जनुकशास्त्रज्ञ आहेत, अंडी उबविणारे तंत्रज्ञ आहेत, उपग्रहाच्या साह्याने पक्ष्यांचा माग काढणारे संगणकतज्ज्ञ आहेत. थोडक्यात, आपली मुले जे शिकतात तेच शास्त्र येथे वाळवंटात कामाला लागले आहे.

हा हुबारा आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ. माळढोकासाठी महाराष्ट्र शासनाने १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित केले. नान्नज हे त्याचे मुख्य ठिकाण. आज तेथे माळढोक क्वचितच दिसतो. देशभरात मिळून त्यांची संख्या दीडशेच्या आत असल्याचे मानले जाते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली राजस्थानात जैसलमेरच्या माळरानावरून माळढोकाची अंडी गोळा करून ती कृत्रिमरीत्या उबविण्यास आरंभ केला. त्यासाठी लागणारे तंत्र कोठून आले? याच अबुधाबीतील हुबारा निधीकडून. कृत्रिम रेतनाचे तंत्र आपल्या शास्त्रज्ञांनी येथे येऊन शिकून घेतले, आणि २०२४ साली त्या तंत्राने माळढोकाचे पहिले पिल्लू जन्मास आले. आपण येथे इतकी वर्षे राहतो. सोलापूरच्या माळाशी जोडलेला हा धागा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होता?

आता माझ्या व्यवसायाशी निगडित एक उदाहरण देतो. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मी हजारो वेळा लिहून दिले असेल. तेच औषध गुराढोरांना दिले जाऊ लागले. औषध घेतलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत, यूरिक आम्ल अंतर्गत अवयवांवर साचे आणि पक्षी मरत. हे कारण २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. तोपर्यंत काही जातींची गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक संपली होती. मेलेली जनावरे उघड्यावर सडू लागली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार, २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मरण पावली. वन्यजीव हा केवळ हौशी लोकांचा विषय आहे असे मानणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला हा आकडा झोप लागू देत नाही.

गिधाडांचे नाव काढले की या सभागृहातील वडीलधाऱ्यांना दुसरेही काही आठवत असेल. मेलेली ढोरे ओढण्याचे काम गावाने कोणाच्या माथी मारले होते? १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते काम आणि मृतमांस सोडून देण्याचा आदेश दिला. वतनाच्या हाडकी-हाडोळ्यासाठी गावाची गुलामी करू नका, असे ते सांगत राहिले. म्हणूनच आज काहीजण मला विचारतील, "डॉक्टर, बाबासाहेबांनी आम्हाला गावकुसाबाहेरून शहरात आणले, आणि तुम्ही आमच्या मुलांना पुन्हा रानात पाठविता?"

आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. बाबासाहेबांचा विरोध लादलेल्या कामाला होता, ज्ञानाने निवडलेल्या कामाला नव्हता. चंद्रपूर जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. १९५५ साली ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. ताडोबाच्या सभोवती आजही आपले बौद्ध बांधव आणि आदिवासी बांधव राहतात. मोहफुले, तेंदूपत्ता, सरपण यांसाठी पहाटे रानात जाणारी आणि वाघाच्या हल्ल्यात सापडणारी माणसे बहुधा याच घरांतील असतात. वाघ वाचला पाहिजे, यात शंका नाही. परंतु गावाचे पुनर्वसन कसे व्हावे, भरपाई किती मिळावी, रानात जाण्याचे नियम कोणते असावेत, हे ठरविणाऱ्या मेजाभोवती त्या घरांतील मुले आहेत का? रानातला मजूर आपला, वाटाड्या आपला. अहवाल मात्र दुसऱ्याचा. ही स्थिती आपल्याला नवी नाही.

मेजाभोवती आपली माणसे नसली म्हणजे काय होते, हे नान्नजनेच दाखविले आहे. तेथील अभयारण्याचे मूळ क्षेत्र आठ हजार चौरस किलोमीटरहून अधिक होते. त्यात शेते आली, गावे आली, जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले. जो पक्षी गावाचे भूषण ठरावयाचा, त्याचा लोकांना राग येऊ लागला. पुढे हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. लोकांना वगळून केलेले संरक्षण टिकत नाही. म्हणून वाघ आणि माणूस या दोघांचीही बाजू जाणणारा शास्त्रज्ञ व अधिकारी त्याच वस्तीतून निघाला पाहिजे.

मार्ग कोणते, ते पालकांनी लिहून घ्यावेत. पहिला मार्ग भारतीय वनसेवेचा. ही परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. विज्ञान, कृषी, पशुवैद्यक वा अभियांत्रिकीचा पदवीधर तिला बसू शकतो. दुसरा, महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत सहायक वनसंरक्षक व वनपरिक्षेत्र अधिकारी या पदांचा. या दोन्हींत बाबासाहेबांनी मिळवून दिलेले आरक्षण आहे. तिसरा मार्ग पशुवैद्यकाचा. नागपूरला त्याचे महाविद्यालय आहे. चौथा मार्ग संशोधनाचा. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी. करता येते, १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. परदेशी शिक्षणासाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. नवबौद्धांसह अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच ती आहे.

मी आपल्याला खोटी आशा दाखविणार नाही. शासकीय सेवा सोडली तर या क्षेत्रात आरंभीची काही वर्षे अत्यल्प मानधनावर, कधी विनावेतनही, काढावी लागतात. घरून पैसे मागवू शकणारा मुलगा ती काढतो. ज्याला घरी पैसे पाठवावे लागतात, तो पहिल्याच वर्षी बाहेर पडतो. गुणवत्तेची नव्हे, तर आपल्यासाठी बंद असलेली खरी दारे ही आहेत. १९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली नसती, तर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोचले असते काय? १९४२ साली त्यांनीच व्हाइसरॉयना निवेदन देऊन आपल्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. ते ऋण फेडण्याची पाळी आता आपली आहे.

म्हणून संघटनेपुढे माझा नम्र प्रस्ताव असा. दरवर्षी जंगलालगतच्या गावांतील दोन विद्यार्थ्यांचा त्या कठीण दोन वर्षांचा खर्च आपण उचलावा. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी असावी. पहिल्या विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षाचा भार मी स्वतः घेतो. निवड गुणवत्तेवर व्हावी आणि हिशेब याच स्मरणिकेत छापला जावा. ज्या तरुणाचा उल्लेख मी केला, त्याने निवडसमितीवर काम करण्याचे मान्य केले आहे. माझ्या चुकीची त्याने केलेली ही भरपाई आहे असे मी मानतो.

सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नमूद केले आहे. पाचव्या स्तंभलेखात त्याने अवध्य प्राण्यांची यादी दिली आणि विनाकारण वने जाळू नयेत, असेही कोरून ठेवले. बाबासाहेबांनी आपल्याला त्या धम्माचे वारस केले. उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी म्हणाली की मला रानात काम करावयाचे आहे, तर तिला माझ्याकडे समजूत घालण्यासाठी आणू नका. माहिती घेण्यासाठी अवश्य आणा.

जयभीम! नमो बुद्धाय!