जे दुखणे सांगता येत नाही
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या परिचारिका-संमेलनात केलेले भाषण)



परिचारिकांच्या सेवेविषयी चार शब्द बोलावे अशी महोत्सव समितीने आम्हांस आज्ञा केली आहे. ज्या घरातून एकही मुलगी ह्या पेशात गेली नाही अशी घरे आमच्या धर्मग्रामात थोडकीच असतील. मुंबईच्या इस्पितळांपासून आखाती देशांपर्यंत आणि आता विलायतेपर्यंत आमच्या लेकी पोहोचल्या आहेत. तेव्हा परिचारिकांपुढे परिचारिकेची थोरवी वर्णावी म्हणजे कोळ्यास मासळीची ओळख करून द्यावी, असा प्रकार व्हावयाचा. तो उद्योग आम्ही करीत नाही. त्याऐवजी ह्या पेशाच्या अशा एका शाखेविषयी बोलतो, की जी आपल्या देशात स्वतंत्रपणे अस्तित्वातच नाही, परंतु जिची उणीव आपल्या आळीआळीत आहे.

ब्रिटनमध्ये परिचारिकेचे शिक्षण चार शाखांत विभागलेले आहे. प्रौढ, बालके आणि मनोरुग्ण ह्यांच्या शुश्रूषेच्या तीन शाखा आपणांस सहज कळतील. चौथीस तिकडे ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ची शाखा म्हणतात. ह्या नावाने आपल्याकडे घोटाळा होतो. ज्या हुशार मुलास केवळ वाचनलेखन जड जाते, त्याच्याशी ह्या शाखेचा संबंध नाही. आपल्याकडे पूर्वी ज्यांस मतिमंद म्हणत आणि आता ज्यांच्या स्थितीस बौद्धिक अक्षमता म्हणतात, त्यांच्यासाठी ही परिचारिका असते. आणि तिच्यातील पुष्कळजणी इस्पितळात न बसता घरोघर फिरत असतात.

येथे कोणी विचारील, की बौद्धिक अक्षमता हा काही आजार नव्हे, मग तेथे नर्स कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. विलायतेतही तो अनेकदा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर असे, की ह्या मनुष्यास तुम्हांआम्हांस होणारे सर्व आजार होतात, काही तर अधिकच होतात. परंतु आपल्यास काय होते आहे हे त्यास सांगता येत नाही.

पूर्वी ब्रिटनमध्ये अशा लोकांस गावाबाहेरच्या अवाढव्य इस्पितळांत जन्मभर ठेवीत. वेल्समधील कार्डिफ येथील ईली इस्पितळात रुग्णांस कसे वागवितात ह्याची हकीकत १९६७ साली वर्तमानपत्रात आली, चौकशी बसली, आणि १९६९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो वाचून देशास लाज वाटली. १९७१ साली सरकारने धोरणपत्र काढून त्या इस्पितळांतील खाटा कमी करण्याचे व लोकांस वस्तीत राहू देण्याचे ठरविले. काम पुरे व्हावयास कित्येक दशके लागली. परंतु लोक वस्तीत आले, तशी परिचारिकाही वॉर्ड सोडून त्यांच्यामागून वस्तीत आली.

आता तिचे काम कसे चालते ते पाहू. समजा, मुळीच बोलता न येणारा तीस वर्षांचा एक तरुण आहे. गेले तीन आठवडे तो ताट लोटून देतो, रात्री झोपत नाही, स्वतःच्या कानशिलात मारून घेतो. घरचे म्हणतात, हट्टीच आहे. डॉक्टर म्हणतात, ह्या लोकांचे असेच असते. नर्स येते आणि पहिला प्रश्न विचारते, तो हा: “गेल्या महिन्यात तो असे करीत होता काय?” नव्हता, असे उत्तर मिळताच तिचे काम सुरू होते. दाढ किडली आहे काय? कान फुटला आहे काय? शौचास किती दिवसांत झाली नाही? हा शेवटचा प्रश्न ऐकून आपणांस हसू येईल. पण साध्या बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष होऊन अशी माणसे दगावल्याच्या नोंदी विलायतेत आहेत. जेवताना जो वारंवार खोकतो त्याच्या शेजारी ती पूर्ण जेवणभर बसते, कारण घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा त्यांचा मोठा वैरी. ‘डाउन सिंड्रोम’ असलेली मुलगी अलीकडे फार आळशी झाली, असे आई म्हणते, तेव्हा नर्सच्या मनात थायरॉइडची शंका येते. आणि तीच मुलगी पन्नाशीकडे झुकल्यावर घरातील वाट विसरू लागली, तर अकाली विस्मृतीच्या रोगाची.

अक्षमतेच्या सावलीत खरा आजार झाकून जाणे, ह्यास इंग्रज लोक ‘डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग’ म्हणतात. नाव लांबलचक आहे, परंतु आपल्या भाषेत त्याचे रूप फार छोटे आहे: “त्याचे तसेच आहे.” बंधुभगिनींनो, ह्या तीन शब्दांनी किती माणसे गेली असतील ह्याचा अदमास घ्यावयाचा तर २०१३ साली ब्रिस्टल विद्यापीठाने पूर्ण केलेली चौकशी पाहावी. नैऋत्य इंग्लंडमधील अशा २४७ मृत्यूंचा तिने कसून अभ्यास केला. सर्वसाधारण लोकांच्या मानाने हे पुरुष सुमारे १३ वर्षे आणि स्त्रिया सुमारे २० वर्षे आधी मरण पावत होत्या, असे तीत आढळले. श्रीमंत देश, फुकट औषधोपचार, आणि तरी वीस वर्षे! रोगनिदान उशिरा होणे आणि उपचार वेळेवर न मिळणे ही त्यांतील कित्येक मृत्यूंमागील कारणे होती.

यास्तव तिकडे चौदा वर्षांवरील अशा प्रत्येकास वर्षातून एकदा डॉक्टरकडून सर्वांगीण तपासणी करून घेण्याची सोय इंग्लंडने केली आहे. सोय झाली, परंतु सुईला भिणाऱ्याचे रक्त घेणार कोण? येथे नर्सची चिकाटी दिसते. पहिल्या दिवशी ती नुसता दंडास बांधावयाचा पट्टा घेऊन जाते आणि तो त्यास हाताळू देते. दुसऱ्या वेळी पट्टा स्वतःच्या दंडास बांधून दाखविते. मग दवाखान्याच्या दारापर्यंत फेरी, मग आत खुर्चीवर बसणे, आणि पाचव्या की आठव्या खेपेस रक्त. आमच्या इस्पितळांतील गर्दी पाहता ही चैन वाटेल. तथापि चौघांनी धरून सुई टोचलेला मनुष्य पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, हेही तितकेच खरे.

इंग्लंड-वेल्समध्ये २००५ सालच्या कायद्याने असे ठरले आहे, की मनुष्यास स्वतःचा निर्णय करता येतो असेच प्रथम धरून चालावे, आणि त्यास समजावून देण्याचे सर्व उपाय थकल्यावाचून उलट निष्कर्ष काढू नये. शीला हॉलिन्स नामक मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९८९ पासून एकही शब्द नसलेली चित्रपुस्तके ह्याच कामासाठी काढविली. त्यांतील पहिल्या पुस्तकांचा विषय आईचा व वडिलांचा मृत्यू हा होता. आम्हां धर्मगुरूंना अशा घरांत अंत्यविधीच्या दिवशी मृताच्या त्या मुलाशी काय बोलावे हे सुचत नाही. बहुधा कोणीच त्याच्याशी बोलत नाही.

औषधांविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण आम्ही काही वैद्य नव्हे. मानसिक आजाराचे निदान झालेले नसता केवळ वागणूक आवरण्यासाठी दिलेल्या गोळ्या, असा एक प्रश्न इंग्लंडपुढे आला. २०१५ सालच्या सरकारी अंदाजाप्रमाणे तीस ते पस्तीस हजार प्रौढ अशा स्थितीत रोज मनोविकारांवरील औषधे घेत होते. दाढदुखीवर झोपेची गोळी, अशातलाच हा प्रकार!

आता घराकडे वळू. गृहभेटीस गेलो असता कित्येकदा मागच्या खोलीतून आवाज येतो आणि कोणीतरी लगबगीने दार ओढून घेते. आम्ही त्या मातेस दोष देत नाही. तिने चाळीस वर्षे ते लेकरू अंगाखांद्यावर वागविले, आणि लग्नाच्या मुली असलेल्या घरात लोक काय बोलतात हे तिला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. परंतु ती सत्तरीची झाली. मुलगा कोणत्या कुशीवर झोपतो, फिट येण्यापूर्वी त्याचे डोळे कसे होतात, भात किती मऊ लागतो, हे सारे एकट्या तिच्या डोक्यात आहे. उद्या ती इस्पितळात गेली, तर हे ज्ञान कोणापाशी?

विलायतेत ह्यावर ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ नावाचा उपाय आहे. काही पानांचा कागद असतो तो. त्यात औषधे आणि आजार तर असतातच. शिवाय हा मनुष्य ‘होय’ कसे सांगतो, सुखात असतो तेव्हा कसा दिसतो, दुखते तेव्हा काय करतो, हे घरच्यांकडून विचारून लिहिलेले असते. सुखात कसा दिसतो हे लिहिल्यावाचून दुःख ओळखता येत नाही, हा त्यातील शहाणपणा आम्हांस फार आवडला. ह्यास यंत्र लागत नाही की देणगी लागत नाही. विचारणारी आणि लिहिणारी परिचारिका तेवढी लागते, आणि त्या आमच्याकडे मुबलक आहेत.

कायद्याच्या बाजूनेही काही गोष्टी पालकांस ठाऊक असाव्यात. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. दिव्यांगत्वाचा दाखला आधी काढावा, म्हणजे पुढील खेटे वाचतात.

सेवानिवृत्त झालेल्या आमच्या सहा परिचारिका-भगिनींनी हे काम अंगावर घेतले आहे. पुढील रविवारपासून दुसऱ्या मिस्सेनंतर त्या धर्मग्रामाच्या कार्यालयात बसतील. ज्यांस येणे शक्य नाही त्यांनी निरोप धाडावा, त्या घरी येतील. कोरे कागद छापून तयार आहेत. मुलास सोबत आणावे. तो ओरडला, पळाला, तरी चालेल. कार्यालयाचे दार उघडेच राहील.