रक्तातले जंतू आणि औषधाची मुदत

आपल्याकडे विषमज्वराला जुनी माणसे ‘मुदतीचा ताप’ म्हणत आली आहेत. तापाला मुदत असते हे त्यांना ठाऊक होते. औषधाला किती असावी, हा प्रश्न पेनिसिलीन आल्यावर उभा राहिला.

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते टोचले. जंतुदोषाने जर्जर झालेला हा माणूस चोवीस तासांत सुधारू लागला. पण पाच दिवसांत औषधच संपले! त्याच्या लघवीतून पेनिसिलीन काढून पुन्हा दिले, तरी मार्चमध्ये तो दगावला.

पुढे १९५५ मध्ये आपल्या पिंपरीच्या कारखान्यातून पेनिसिलीन निघू लागले. औषध मुबलक झाले. रक्तात जंतू सापडले की चौदा दिवस औषध, असा रिवाज पडला. चौदाच का? आठवड्याचे वार सात, म्हणून सात नाहीतर चौदा. याहून भक्कम कारण फारसे नव्हते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बॅलन्स’ नावाच्या चाचणीचा निकाल आला. सात देशांतली ७४ रुग्णालये, ३,६०८ रोगी. निम्म्यांना सात दिवस औषध, निम्म्यांना चौदा. नव्वद दिवसांत पहिल्या गटात शेकडा १४.५ दगावले, दुसऱ्यात १६.१. म्हणजे सात दिवस काही कमी पडले नाहीत. भारत मात्र त्या सात देशांत नव्हता, आणि औषधाला दाद न देणारे जंतू आपल्याकडे पुष्कळ, हे ध्यानात असू द्यावे.

जिंतूरच्या मजुराला परभणीत आठवडाभर जास्त ठेवायचे म्हणजे त्याचा रोजगार बुडतो, उशाशी बसणाऱ्याचाही बुडतो. शिवाय औषध जितके दिवस, तितके पोटातले जंतू त्याला सरावतात.

पण म्हणून ताप उतरला की तिसऱ्या दिवशी घरी पळू नये. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असला तर चौदा दिवसांहून कमी चालत नाही. हृदयाच्या झडपेला किंवा हाडाला लागण असली तर बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. मुदतीच्या तापाचा हिशेबही निराळा. त्याला हे सात दिवस लावू नयेत.

आणि दिवस मोजायचे ते लागू पडणारे औषध सुरू झाल्यापासून. ते कोणते, हे कळायला पहिल्या इंजेक्शनाआधीच रक्त कल्चरसाठी घ्यावे लागते. दुकानातून आणलेल्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या असल्या, तर पुष्कळदा त्या रक्तात जंतू उगवतच नाहीत, आणि मग डॉक्टरांना अंदाजानेच मुदत ठरवावी लागते.