विश्वास ‘ठेवणे’ म्हणजे काय?

(सातारा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



मराठीत आपण विश्वास ‘ठेवतो’ आणि पैशाची ठेवही ‘ठेवतो’. अर्थशास्त्राच्या माणसाला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. ठेव म्हणजे दान नव्हे. ती दुसऱ्याच्या हवाली केली तरी आपलीच असते, आणि परत मागता येते.

आजच्या सातारा-सांगलीच्या मोठ्या भागात १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चालले. त्याच्यापाशी ना कचेरी होती, ना टांकसाळ. क्रांतिसिंह नाना पाटलांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर झाले होते. तरी ते अखेरपर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. लोक कोर्टाची पायरी सोडून आपले तंटे गावच्या न्यायमंडळाकडे नेऊ लागले. यात भीतीचा अंश नव्हता, असे मी म्हणणार नाही. ‘पत्री सरकार’ हे नाव काही फुले उधळून पडलेले नाही! परंतु भयाने माणूस फार तर तोंड मिटून बसतो. रात्री-अपरात्री उसाच्या फडात भाकरी पोचवीत नाही. मग हा विश्वास आला कोठून? माझ्या मते, निवाडा चारचौघांदेखत होई आणि तो पाळला गेला की नाही हे साऱ्या गावाला दिसे, यातून. गांधी-विवाह किती थोडक्या खर्चात झाला, हे शेजाऱ्याला कोणी सांगावे लागत नसे.

पुढचा इतिहास अधिक बोलका आहे. १९५७ साली साताऱ्याने नानांना कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत पाठविले. १९६२ साली त्याच मतदारसंघाने काँग्रेसच्या किसन वीरांना निवडले. तेही प्रतिसरकारातलेच. नानांविषयीचा आदर म्हणून काही ओसरला नाही. मताची ठेव मात्र लोकांनी दुसरीकडे हलविली. याला मी कृतघ्नता म्हणत नाही.

आज नेत्यावर विश्वास आहे हे दाखवायचे तर प्रश्न विचारू नये, अशी अट दिसते. सहकारी बँका बुडाल्या तेव्हा बंद दारापुढे उभे राहिलेले ठेवीदार याच अटीचे बळी होते. संचालक ‘आपले’ म्हणून वार्षिक सभेत ताळेबंद कोणी उघडला नव्हता.

आपल्या शाखांच्या वर्गणीची वही सभासदांसमोर शेवटची कधी वाचली गेली? येत्या बैठकीत तोच विषय पहिला घ्यावा, अशी माझी सूचना आहे.