वेगाचे हेलकावे

पनवेलजवळ कळंबोलीहून पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. त्या मार्गावर माझ्या पुतण्याची डिझेल पिकअप, वेग आपोआप स्थिर राखणारें क्रूझ कंट्रोल लावतांच, हेलकावे खाऊं लागे. वेग वाढे, घटे, पुन्हां वाढे. एका कारखान्यांत इंधनाचा पंप बदलून घेतला. पैसे गेले, दोष राहिला.

हा विकार नवा नाहीं. जेम्स वॅट यांनीं १७८८ च्या सुमारास वाफेच्या यंत्रास फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला. असे नियामकही कधीं कधीं डुलत. मॅक्सवेल यांनीं १८६८ सालीं त्यांची गणिती मीमांसा केली. सार इतकेंच कीं, नियामकाला वेगाची खबर उशिरां वा चुकीची मिळाली, म्हणजे तो गरजेहून अधिक इंधन देतो आणि मग गरजेहून अधिक आखडतो.

म्हणून आधीं परीक्षा करावी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्रूझ बंद करून पाय स्थिर ठेवावा. हेलकावे तरीही राहिले, तर बहुधा दोष इंधनाकडे : तुंबलेला फिल्टर अथवा नळींत शिरलेली हवा. थांबले, तर वेग मोजणारा सेन्सर व त्याच्या तारा पाहाव्या. पुतण्याच्या गाडींत सेन्सरचा जोड सैल निघाला. तो साफ करून घट्ट बसवितांच गाडी एका चालीनें धांवूं लागली.

घाटांत मात्र ही सोय बंदच ठेवावी. तेथें पाय ब्रेकजवळ हवा.

उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न नीट वाचा, असें मी विद्यार्थ्यांना सांगत असें. गाडीच्या बाबतींतही तेंच खरें.